चाकणच्या अलीकडे

"खिडकी उघडली तर धूळ, लावली तर जीव घाबरा. यापरीस यष्टी काय वाईट होती," हौसाआत्या काचेकडे तोंड करून पुटपुटल्या. मला ऐकू जावं, पण मला म्हटलं असं वाटू नये, एवढ्याच आवाजात.

माझ्या गाडीला एसी होता, म्हणजे बटण होतं. मी त्यांच्या बाजूची काच अर्धी खाली केली.

"आता धूळ," आत्या काचेला म्हणाल्या.

मागच्या सीटवरून गेनूनानांनी आरशात माझ्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. नाना म्हणजे आत्यांचे धाकटे भाऊ, माझे चुलत सासरे. काही बोलू नकोस, असा त्या डोळ्यांचा अर्थ. सकाळपासून ते मला हेच बजावत होते आणि सकाळपासून मी काहीच बोलले नव्हते.

आत्यांचा एकुलता एक मुलगा, शिवदास, त्या दिवशी सकाळी सहा वाजता भोसरीत वारला होता. बेचाळिसावं चालू होतं. त्याच्या मेव्हण्याचा, म्हणजे बायको कल्पनाच्या भावाचा, महेशचा, नानांना फोन आला. नानांनी आत्यांना एवढंच सांगितलं, की शिवाच्या छातीत दुखतंय, दवाखान्यात ठेवलंय, तुला बघायचं म्हणतोय. आमच्याकडे असंच सांगतात. माणूस गेलं की जवळच्याला 'सिरीयस आहे' म्हणून गाडीत बसवायचं, आणि दारात पोचल्यावर बायकांनी गळ्यात पडून उरलेलं सांगायचं. वाटेत धसका बसून काही बरंवाईट होऊ नये, म्हणून असेल. माझ्या आईच्या वेळी मलाही असंच आणलं होतं. दारात पोचेपर्यंत मी पर्समध्ये तिच्या गोळ्यांची चिठ्ठी शोधत होते. त्यांनी बरं केलं की वाईट, हे माझं अजून ठरलेलं नाही.

दुपारी तीनला उचलायचं ठरलं होतं. आई पोचली की मग. आईला पोचवायचं काम माझ्याकडे आलं, कारण नारायणगावात आमच्या आळीत तेवढ्या सकाळी दारात उभी असलेली गाडी माझीच. शाळेची पोरं ने-आण करायला मी ती जुनी गाडी घेतली होती. आमचे हे एसटीत कंडक्टर, त्यांना गाडीतलं तिकिटाशिवाय काही कळत नाही. त्यामुळे गाडीचं सगळं मीच शिकले. आळेफाट्याला इकबालमिस्त्रींच्या गॅरेजात स्टूल टाकून बसायचे आणि हे काय, ते कशाला, असं विचारत राहायचे. पहिले सहा महिने मिस्त्री वैतागले, नंतर पाना हातात द्यायला लागले.

आत्यांच्या मांडीवर डबा होता. मऊ भात आणि मुगाचं वरण. शिवा सिरीयस आहे म्हटल्यावर त्या रडल्या नाहीत, चुलीकडे गेल्या. दवाखान्यातलं अन्न त्याला गिळवत नाही, म्हणाल्या. वरण शिजेस्तोवर नाना अंगणात उभे होते, भिंतीकडे तोंड करून.

निघायलाच दहा वाजले. मंचरला आत्यांना चहा हवा झाला. एरवी त्या बाहेरचा चहा तोंडाला लावत नाहीत. तिथं बाकड्यावर बसून त्यांनी बशीत ओतून, फुंकून फुंकून तो प्यायला.

"तुला नको व्हय रं?" त्यांनी नानांना विचारलं.

"पित्त झालंय," नाना म्हणाले. सुतकात कुणी हॉटेलात चहा पितं का, हे त्यांना तोंडानं म्हणता येईना.

खेडला मोसंबी हवी झाली. हातगाडीवाल्यापाशी पाऊण डझन मोसंबी निवडायला आत्यांनी पंधरा मिनिटं लावली. एकेक दाबून बघायच्या आणि परत ठेवायच्या. नाना घड्याळ बघून घामाघूम झाले. मी मनात म्हटलं, म्हातारं माणूस, असंच असतं. आणखी काही माझ्या डोक्यात आलं नाही.

वाकीच्या पुढे गाड्या थांबल्या. पुढे चाकणपर्यंत ट्रेलरच ट्रेलर. एप्रिलमधलं साडेबाराचं ऊन, कडेला सावलीला झाडसुद्धा नाही. दहा मिनिटांत दोन गाड्यांएवढं अंतर सरकलो असू. तेवढ्यात माझं लक्ष काट्याकडे गेलं. तापमानाचा काटा निम्म्यावर असतो, तो पाऊण घर चढला होता.

गाड्या थोड्या हलल्या. शंभर एक पावलं आम्ही बऱ्यापैकी वेगानं गेलो, आणि काटा खाली आला. पुन्हा थांबलो, पुन्हा चढला.

"काय झालं?" नानांनी विचारलं.

"तापतीये."

"पाणी संपलं आसंल."

"पाणी संपलं असतं तर चालतानाही तापली असती. चालताना वारा लागतो तेव्हा निवते. उभी राहिली की तापते. म्हणजे पंखा फिरत नाही."

"तुला बरं बसल्या जागी कळतं," नाना म्हणाले. कौतुक होतं की टोमणा, ते कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

मी हिटर पूर्ण चालू केला आणि चारी काचा खाली केल्या. गरम हवेचा झोत तोंडावर आला तसे नाना मागून पुढे झुकले.

"एप्रिलात हिटर? डोकं फिरलंय का तुझं?"

"इंजिनाची गरमी थोडी आत घ्यायची, नाना. तेवढाच त्याचा भार हलका होतो."

"आन् आपलं काय?"

"आपण घामानं निवतो. इंजिनाला घाम येत नाही."

आत्या काही म्हणाल्या नाहीत. सकाळपासून धूळ, वारा, सीट, खड्डे, सगळ्याबद्दल कुरकुरणाऱ्या आत्या. पदरानं त्यांनी फक्त डब्याचं झाकण पुसलं. त्यावरही घाम आला होता.

फोन वाजला. महेश.

"ताई, कुठवर आलात?"

"वाकीच्या पुढं. ट्रॅफिक आहे."

"इथं सगळे खोळंबलेत. उन्हाचं फार वेळ ठेवता येत नाही, तुम्हाला कळतंय ना? कल्पनाताई तर सारखी म्हणतीये, आईंना बघू दे, आईंना बघू दे."

"हो, हो. डॉक्टरांना म्हणावं, आलोच," मी म्हटलं.

महेशच्या ध्यानात आलं असावं. मग म्हणाला, "बरं," आणि ठेवला.

"काय म्हणतात डॉक्टर?" आत्यांनी विचारलं. समोरच्या ट्रेलरकडे बघत.

"या म्हणतात लवकर."

"हं."

काटा तांबड्या रेघेला टेकला. बॉनेटच्या फटीतून पहिली वाफ दिसली आणि मी गाडी डाव्या बाजूला, मातीत उतरवली. बंद करण्याआधी बॉनेट उघडून कान दिला. एवढ्या तापलेल्या इंजिनाशेजारी पंखा घोंघावत असायला हवा. तो मुका होता. मी किल्ली बंद केली.

नाना पाण्याची बाटली आणि खांद्यावरचं उपरणं घेऊन पुढे आले आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घालू लागले. मी त्यांचं मनगट धरलं. सुनेनं चुलत सासऱ्याचं मनगट धरायचं नसतं, पण ते नंतर आठवलं.

"तापलेलं झाकण उघडायचं नाही. उकळतं पाणी तोंडावर उडेल. इकबालमिस्त्रींचा भाजलेला दंड बघितलाय ना तुम्ही?"

नानांनी दंड बघितला होता. ते दोन पावलं मागं सरले.

"मग करायचं काय? तीन..." ते बोलता बोलता थांबले. काच उघडी होती. "लवकर पोचाय पायजेल."

"आधी निवू दे."

निवेपर्यंत मी फ्यूज काढून बघितला, शाबूत होता. रेडिएटरच्या खालच्या बाजूला एक लहानसा स्विच असतो. पाणी तापलं की तो पंख्याकडे करंट सोडतो. स्विच मेला तर पंखा धडधाकट असूनही गप्प बसतो. त्यावर उपाय सोपा. स्विचवरचा प्लग ओढून काढायचा आणि त्यातली दोन भोकं एकमेकांना जोडून टाकायची. मग पंखा सारखा फिरतो. गॅरेजात याला डायरेक्ट करणं म्हणतात. बोटभर वायर पुरते. माझ्या डिकीत वायरची गुंडाळी कायम असायची. त्या आठवड्यात आमच्या ह्यांनी तिनं न्हाणीघराची कडी बांधली होती.

"वायर," मी नानांना म्हटलं. "बोटभर. कुठल्याही ट्रकवाल्याकडे मिळेल."

नाना उपरणं डोक्यावर घेऊन ट्रेलरांच्या रांगेत शिरले. उन्हात त्यांची पाठ फार म्हातारी दिसली.

आत्या गाडीतून उतरून बॉनेटपाशी आल्या. डबा हातातच. मी प्लग ओढून काढला होता आणि त्याच्या दोन भोकांकडे बघत होते. मग वर बघितलं. आत्यांचा अंबाडा माझ्या डोळ्यांसमोर होता आणि त्यात दोन्ही बाजूंनी काळे, वाकडे, इंग्रजी यू सारखे आकडे खोचलेले होते. दोन पायांचे. माझे केस तेव्हा रबरात असायचे, घाईच्या बाईसारखे.

"आत्या, एक आकडा द्या तुमचा. इथं खोचला की काम होतंय. नानांची वाट बघायला नको."

आत्यांनी हात डोक्याकडे नेला आणि तसाच खाली आणला.

"माझ्यापाशी नाय आकडा."

मी त्यांच्या अंबाड्याकडे बघितलं. त्यांनी मी बघितलेलं बघितलं.

"आसू दे," त्या म्हणाल्या. "निवू दे गाडी. बिचारी तापलीये. काय घाई हाय?"

"आत्या, उशीर होतोय."

"कशाला उशीर होतोय?"

मी प्लग बोटांत फिरवत राहिले. रस्त्यावर एका ट्रेलरचा ड्रायव्हर टपावर बसून कांदा खात होता. त्याच्याकडे बघायला मला तेव्हा फार बरं वाटलं.

"आज निघाले तवा," आत्या म्हणाल्या, "तुळशीची कमल दारात हुती. भागा हुती. कुंभाराची सगळी वट्यावर बसलेली. मी हातात डबा, पायात वहाणा. आपली आळी कशी हाय ते तुला ठावं हाय. दळण घिऊन निघालं तरी इचारत्यात, काय गं हौसा, गव्हाचं का ज्वारीचं. आज एकीनं इचारलं नाय, कुठं निघालीस म्हणून. एकीनं सुदिक नाय." त्यांनी डबा दुसऱ्या हातात घेतला. "सगळ्याजणी माझ्या वहाणांकडं बघत हुत्या."

 मंचरचा चहा आणि खेडची मोसंबी मला एकदम दिसली. फुंकून फुंकून प्यायलेली ती बशी.

"गाडी हुबी राह्यली," त्या म्हणाल्या, "तवा मला बरं वाटलं, रंजे."

तेव्हाच म्हणायला हवं होतं. शब्द तोंडात होता. पण मला नानांचे आरशातले डोळे आठवले, आणि खरं सांगायचं तर ते कारण नव्हतं. मला भीती वाटली. एवढ्या उन्हात, त्या बाईच्या तोंडावर, माझ्या तोंडून. मी मान खाली घातली आणि म्हणाले, "आकडा द्या, आत्या."

त्यांनी मग डबा बॉनेटच्या कडेवर ठेवला, दोन्ही हात मागं नेले आणि उजव्या बाजूचा आकडा ओढून काढला. अंबाडा एका बाजूनं सुटून मानेवर आला. तो त्यांनी पुन्हा बांधला नाही.

"घे," म्हणाल्या.

आकड्याचे दोन पाय दोन भोकांत जेमतेम बसले. मी वर गाडी पुसायच्या फडक्याची चिंधी गुंडाळली. किल्ली फिरवली, आणि पंखा घरघरत सुरू झाला. इंजिन बऱ्यापैकी निवलं होतं. रेडिएटरशेजारच्या बाटलीत नानांनी ठेवलेलं पाणी भरलं. तेवढ्यात नाना धापा टाकत आले, हातात दोन हात लांब वायर.

"जमलं व्हय?" पंख्याचा आवाज ऐकून ते म्हणाले. "आता ह्या वायरीचं काय करू? त्या सरदारजीनं पार सीटखालची तोडून दिली."

"ठेवा. लागेल," मी म्हटलं. ती वायर अजून माझ्या डिकीत आहे. गाडी बदलली, वायर नाही.

चाकण चौकात पोलीस आला होता, रांग सुटू लागली. काटा निम्म्यावर येऊन थांबला आणि तिथंच राहिला. हिटर मी बंद केला. नानांना हायसं वाटलं असावं, आणि हायसं वाटलं की त्यांना बोलावंसं वाटतं.

"आता घंट्याभरात पोचू, अक्का. शिवा वाट बघत आसंल. मगाशी महेश म्हणला, दोन चमचे पाणी घेतलं त्यानं."

आत्यांनी मान वळवली नाही. "कवा घेतलं?"

"धा वाजता. मऊसार बोलला म्हणं. आई आली का, म्हणला."

"बरं."

नाना आणखी सांगत राहिले. सलाईन लावलंय, डॉक्टर हुशार आहे, आपल्याच जुन्नरकडचा आहे. एकाला एक जोडत चालले. जणू एवढं सगळं सांगितलं तर तो खरंच तिथं पलंगावर उशीला टेकून बसलेला सापडेल. आरशात मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांची नजर बाहेर होती. ते आत्यांना फसवत होते की स्वतःला, मला ठरवता येईना.

चौक मागं पडला. रस्ता रुंद झाला. मोशीकडे जाणाऱ्या पाट्या दिसायला लागल्या.

"रंजे, गाडी बाजूला घे," आत्या म्हणाल्या.

"आत्या, आत्ता कुठं रस्ता मोकळा..."

"घे म्हणते ना."

मी एका बंद टपरीशेजारी गाडी घेतली. इंजिन चालू ठेवलं. पंखा घरघरत होता.

"आता काय, अक्का? उलटी होतीये का?" नाना म्हणाले.

"गेनू, तू गप."



"तिथं जिन्यात बाया उभ्या आसतील," आत्या म्हणाल्या. हात डब्यावर एकावर एक ठेवलेले. आवाज अगदी साधा, मीठ कमी पडलंय म्हणावं तसा. "मी उतरले की माझ्या अंगावर पडतील. आन् मग मला आत्ताच कळलं, आसं करून रडावं लागंल. कल्पना बघंल, नातवंडं बघतील. मला नाय जमायचं ते. मला सोंग येत नाय. म्हणून मला हितं सांगा. हितं कुणी नाय. तुमी दोघंच हाय. कुणी बी सांगा, पर तोंडानं सांगा."

"अक्का, तू उगं वाईट वाईट..." नानांनी सुरुवात केली आणि उपरणं तोंडाला लावलं. त्यातून पुढचा शब्द आला नाही. खांदे तेवढे हलत राहिले.

आत्या माझ्याकडे वळल्या. सुटलेले केस गालाला चिकटले होते. त्यांना तसं मी कधी बघितलं नव्हतं. सत्तरीची बाई, एखाद्या पोरीसारखी दिसत होती, उत्तराची वाट बघणारी.

मला आईच्या वेळचं दार आठवलं. उंबऱ्यात माझ्यावर पडलेली ती बाई मला ओळखीचीही नव्हती. तिच्या केसांना कुठल्या तेलाचा वास होता ते अजून सांगू शकेन. गेली कशी, किती वाजता, जवळ कोण होतं, हे मात्र मला दोन दिवसांनी कळलं, तेही कुणीतरी तिसऱ्याला सांगताना.

मी किल्ली फिरवली. पंखा थांबला. मागून एक बस गेली, गाडी हलली, परत स्थिर झाली.

"आत्या," मी म्हणाले, "शिवदास गेला. सकाळी सहा वाजता. दूध आणायला निघाला होता, जिन्यातच बसला. कल्पनानं मांडीवर डोकं घेतलं तेव्हा संपलं होतं."